सहावी खाच

१

इलाहीभाईंच्या डाव्या भुवईत बोटाच्या पेराएवढी मोकळी जागा आहे. तिथे चार टाके पडले होते. केस पुन्हा उगवले नाहीत.

बांगड्यांच्या दुकानात सत्तावन्न वर्षांचा एक माणूस लाल नेलपॉलिश मागतो. दुकानदारीण विचारते, सुनेसाठी का? तो म्हणतो, नाही, कारखान्यासाठी.

गडहिंग्लजच्या मुलाचा फोटो. मागे बिस्किटांच्या बरण्या, पुढे तराजू. तराजूची साखळी नेमकी त्याच्या नाकावरून गेलेली.

राजीनाम्याचा छापील कागद. त्यात 'कारण' या शब्दापुढची रेघ फार आखूड.

सुईच्या नेढ्यातून पहिल्याच खेपेला गेलेला पांढरा दोरा.

चौकोनी, नखाएवढी, सोनेरी पोटाची टिप. तिला चार कोपरे.

हे सगळं ओळीने लावायला मी अनेकदा बसले. दरवेळी मध्येच उठले. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

२

"कुंदा, ही डबी वाच गं."

आप्पांनी तळहाताएवढी चपटी डबी माझ्या पुढ्यात सरकवली. झाकणावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, एकमेकांना चिकटून छापलेले.

"तुम्हाला दिसत नाही का?" मी विचारलं. टूल रूममधला माझा तिसराच दिवस होता. कोणाला काय विचारावं हे अजून कळत नव्हतं.

"वाच म्हटलं की वाचावं."

मी वाचलं.

"पहिलं अक्षर कशाचं?"

"माहीत नाही."

"आकाराचं. चौकोनी टिप. दुसरं?"

"माहीत नाही."

"ते उद्या. आजच्याला एक बास."

साल १९९६, जून महिना. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. पंपांच्या बॉड्या, गिअरबॉक्सची घरं, अशी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, मोठी कामं यायची. आयटीआय करून मी ट्रेनी म्हणून लागले होते, एकतीस मार्चपर्यंतच्या कराराने. मशिन शॉपमधली पहिली मुलगी. मुलीला मशिनवर उभी करायची की नाही हे कोणाला ठरवता येईना, म्हणून मला टूल रूममध्ये आप्पांच्या हाताखाली दिलं. भूपाल खोत त्यांचं नाव, पण गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे आप्पाच म्हणायचे. कारखान्यातली कापायची सगळी हत्यारं बत्तीस वर्षं त्यांच्या हातून गेलेली. त्या जूनमध्ये ते टूल रूममध्येही काळा चष्मा लावून बसत आणि दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब टाकत.

"काय आप्पा, काजळ घालालाय काय?" मोठ्या मिलिंग मशिनवरचे इलाही मुल्लाणी खिडकीतून डोकावून विचारत.

"घालतो की. तुझी दृष्ट लागाय नको."

"आमची दृष्ट लागली असती तर तुमचा चहा कधीच नासला असता."

मला सगळ्यात आधी आप्पांनी एक मोठा कटर हातात दिला. पोलादाची जाड थाळी, कडेला आठ खाचा. प्रत्येक खाचेत एक टिप, मधोमध स्क्रूने आवळलेली. थाळी गरगर फिरते, टिपा बीड कापतात. धार गेली म्हणून कटर टाकायचा नसतो. स्क्रू ढिला करायचा, टिप एक घर फिरवायची, नवा कोपरा बाहेर आणायचा, पुन्हा आवळायची. चार कोपरे संपले की टिप भंगाराच्या डब्यात. प्रत्येक खाचेशेजारी आप्पांनी पंच मारून आकडा उठवला होता. एक ते आठ.

"कुठला कोपरा वापरलाय ते कसं ओळखायचं?" मी विचारलं.

त्यांनी ड्रॉवरमधून नेलपॉलिशची बाटली काढली. वापरून झालेल्या कोपऱ्याजवळ लाल ठिपका. मार्करची शाई मशिनच्या पाण्याने धुऊन जाते, नेलपॉलिश जात नाही. लावताना फक्त एवढंच बघायचं: ठिपक्याचा कोपरा आत, कोरा कोपरा बाहेर.

"आणि चुकून ठिपक्याचा बाहेर राहिला तर?"

"कामावर ओरखडा येतो. नशीब असलं तर."

"नसलं तर?"

"बोथट टिप आपला वाटा उचलत नाही. तिच्या मागच्या टिपेवर दोघींचं ओझं पडतं. ती मोडते. मग तिच्या मागची." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "ठिपका बघायचा. बाकी काय न्हाई."

३

जुलैत मला पहिली उलटी टिप सापडली.

आमचा रोजचा क्रम असा होता. सकाळी आप्पा कटर लावत. मग चहाला कँटीनला जात. तेवढ्या वेळात मी टेबल पुसायचं, चाव्या जागेवर लावायच्या. परत आल्यावर ते कटर दिव्याखाली धरून एकदा फिरवत आणि म्हणत, "जाऊ दे." मग मी तो ट्रॉलीवरून इलाहीभाईंच्या मशिनला न्यायची.

त्या दिवशी टेबल पुसताना सहज कटर फिरवला. तिसऱ्या खाचेतल्या टिपेचा लाल ठिपका बाहेरच्या बाजूला.

मी दाराकडे पाहिलं. स्क्रू ढिला केला, टिप फिरवली, आवळली. आप्पा आले, कटर फिरवला, म्हणाले, "जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सातव्या खाचेत. त्यानंतर पहिल्या. मग रोज एक, कुठे असेल ते सांगता येत नसे. कधी ठिपका स्पष्ट, कधी अर्धा खरवडलेला. पुढे पुढे तर ठिपकाच नाही, पण कोपरा बोटाला बोथट लागायचा. मी सगळे आठही कोपरे अंगठ्याच्या नखावरून फिरवायला लागले.

काळा चष्मा, थेंब, डब्या मला वाचायला लावणं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. आप्पांची नजर गेली होती आणि ते लपवत होते. मार्चमध्ये त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. तेवढे महिने त्यांचं झाकून न्यायचं, असं मी मनाशी ठरवलं. कोणाला बोलले नाही. मला ते फार आवडत होतं, हे सांगून टाकते. एकवीस वर्षांच्या मुलीच्या हातात एका मोठ्या माणसाची अब्रू असणं.

एकदा इलाहीभाईंनी ट्रॉली थांबवली. "कुंदाताई, आजकाल तुझा आप्पा फारच भारी कटर लावतोय. बघ, आरसा. भांग पाडून घे."

त्यांनी नुकत्याच कापलेल्या बॉडीच्या तोंडावर हात फिरवला. खरंच चेहरा दिसत होता.

"आप्पांचा हात आहे," मी म्हणाले.

"हात हाय, खरं. डोळं पण हायत म्हातार्‍याला."

मला हसू आलं. मी वळून गेले.

४

खंडेनवमीला मशिनी बंद. शॉप धुऊन काढलेलं, प्रत्येक मशिनला झेंडूची माळ. टूल रूमच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून आप्पांनी सगळे कटर, ड्रिल, मापाची हत्यारं मांडली. मधोमध आठ खाचांचा तो मोठा कटर. त्याला पहिलं कुंकू आप्पांचं, ही बत्तीस वर्षांची रीत. मालकसुद्धा मागे थांबायचे.

त्या वर्षी आप्पांनी करंडा माझ्या हातात दिला.

"लाव."

"मी?"

"हात थरथरतोय माझा."

थरथरत नव्हता. मी पाहिलं होतं. मला वाटलं, खाच दिसत नसेल. मी आठही टिपांना कुंकवाचं बोट लावलं. कोणीतरी मागून म्हणालं, आता टूल रूमला हळदी-कुंकू सुरू होणार. हशा पिकला. आप्पा हसले नाहीत. माझं बोट कुठून कुठे जातंय ते बघत राहिले.

प्रसादाचे पेढे वाटताना वर्क्स मॅनेजर नाडगौडासाहेबांनी मला बाजूला घेतलं. चांगले होते ते. वाईट बातमी खाणं चालू असताना द्यायची त्यांना सवय होती.

"सुतारबाई, तुमचं काम छान आहे. पण एक सांगून ठेवतो. मालकांच्या मनात आप्पांना दोन वर्षं मुदतवाढ द्यायचं आहे."

"मग चांगलंच आहे."

"टूल रूमला एकच जागा मंजूर आहे. आप्पा राहिले तर एकतीस मार्चनंतर तुम्हाला ठेवता येणार नाही. अजून कागद झालेला नाही. पेढा घ्या की."

मी पेढा घेतला. अर्धा खाल्ला. उरलेला दिवसभर मुठीत होता.

घरी गडहिंग्लजचा फोटो आलेला. किराण्याचं दुकान, एकुलता एक, सुनेने नोकरी करायची नाही एवढीच अट. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. इंजिन न उघडता त्यातलं काय बिघडलंय ते सांगायचे, पण माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत.

"नोकरी पक्की असती तर मी त्यांना नाही म्हणून कळवलं असतं," ते म्हणाले. "मार्चनंतर तू घरीच की."

"पक्की झाली तर?"

"झाली तर बघू. मार्गशीर्षात येणार हायत ते. तोवर काय ते सांग."

दसऱ्यानंतर टूल रूममध्ये एक बदल झाला. आप्पा कटर लावायचे, चहाला जायचे, परत यायचे. पण आता कटर दिव्याखाली धरत नव्हते. खुर्चीत बसत आणि विचारत, "गेला का?"

"न्यायचाय."

"मग ने की."

म्हणजे आता बघण्याचं सोंगही सोडलं, असं मी समजले. रोज एक उलटी टिप मी सुलटी करत होते. रोज मीच. आणि मुदतवाढ त्यांना. ट्रॉली ढकलताना मी हेच घोकायची. चाकं कुरकुरायची. तेल घालायला मला वेळ नव्हता असं नाही. मला ती कुरकुर हवी होती.

५

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार.

उपसा सिंचनाच्या पंपाची बॉडी आली होती. दीड टन बीड, एकच नग. ओतायला, थंड व्हायला, तपासायला तीन आठवडे लागलेले. तोंड कापताना बघायला गिऱ्हाइकाचा तपासनीस पुण्याहून येणार होता. सकाळपासून सगळ्यांचा आवाज चढलेला. नाडगौडासाहेब दोनदा येऊन गेले.

"आप्पा, नव्या टिपा ना?"

"व्हय."

"सगळ्या?"

"साहेब, तुम्ही तुमचं बघा."

मी डबी फोडून दिली. आप्पांनी आठ टिपा लावल्या. आवळताना ते ओठ मिटून घेत. एकेक स्क्रू, चावीला दोन बोटांचा जोर, जास्त नाही. मी समोर बसून त्यांच्या हाताकडे बघत नव्हते. मी कॅलेंडरकडे बघत होते. मार्गशीर्ष चौदा दिवसांवर होता.

"मी चहा घेऊन येतो," आप्पा म्हणाले. "तुला आणू?"

"नको."

"दमलेली दिसालीस."

"झोप झाली नाही."

"मोठ्या कामाच्या दिवशी सावकाश चालायचं," ते म्हणाले आणि गेले.

मी कटर हातात घेतला. जड असतो तो, तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांत घ्यावा लागतो. पहिल्या खाचेपासून सुरुवात केली.

एक. दोन. तीन. चार. पाच.

७

सात. आठ.

मी कटर ट्रॉलीवर ठेवला आणि इलाहीभाईंच्या मशिनला नेला. त्यांनी तो चढवला. तपासनीस हातात वही घेऊन उभा. आप्पा अजून कँटीनमध्येच होते. मी खांबाशी थांबले. एरवी मी थांबत नसे.

पहिलं चार बोटांएवढं तोंड नितळ कापलं गेलं. मग आवाज बदलला. बीड कापताना मशिन एका सुरात घुमतं, त्या सुरात एक ठोका आला. पुन्हा आला. इलाहीभाईंनी मान वर केली, हात बटणाकडे नेला. तेवढ्यात पत्र्यावर दगड पडावेत तसा आवाज झाला, एकामागून एक, मोजता येईनात इतके. मशिन थांबेपर्यंत बॉडीच्या तोंडावर करंगळी बसेल एवढी चर पडली होती.

इलाहीभाई खाली बसले. डाव्या डोळ्यावर हात, बोटांतून रक्त.

"डोळा," कोणीतरी ओरडलं.

"डोळा न्हाई रे," इलाहीभाई म्हणाले. "भुवई. डोळा हाय. मला दिसालंय. ओरडू नका."

मला फक्त ओरखडा यायला हवा होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तेव्हा ते वाक्यही नव्हतं. खांबाला धरलेला हात सुटत नव्हता, एवढंच होतं.

कटर टूल रूममध्ये आणला. सात टिपांचे तुकडे झालेले. सहाव्या खाचेतली टिप अर्धी शिल्लक होती आणि उरलेल्या अर्ध्यावर, बाहेरच्या अंगाला, लाल ठिपका.

आप्पांनी दार लावून घेतलं. काळा चष्मा तर त्यांनी पावसाळ्यातच सोडला होता. त्यांनी ती अर्धी टिप चिमटीत धरली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुला दिसला न्हाई?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाही, आप्पा."

"नीट आठव. हातात घेतला होतास?"

"घेतला होता. नाही दिसला."

त्यांनी टिप टेबलावर ठेवली. बाहेर कोणीतरी गाडी काढा म्हणत होतं, इलाहीभाईंना दवाखान्यात न्यायला.

"मग चूक माझी," आप्पा म्हणाले. "मी मागनं बघायचं सोडलं होतं."

मला त्याचा अर्थ कळला नाही. कळून घ्यायचा नव्हता.

नाडगौडासाहेबांच्या केबिनमध्ये तपासनीस होता, मालक होते. मी दाराशी.

"कटर कोणी लावला?"

"मी," आप्पा म्हणाले.

"आप्पा, बत्तीस वर्षांत असं झालं नाही. झालं काय नक्की?"

"नजर गेलीय, साहेब. ठिपका दिसला न्हाई."

"आणि ही? हिने बघितला नाही का?"

"ती ट्रेनी हाय. तिचं काम न्यायचं. बघायचं काम माझं."

नाडगौडासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकत होते. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं, कारण ते कोरडं पडलं होतं.

आप्पांनी छापील कागद मागून घेतला. 'कारण' या रेघेवर त्यांनी 'दृष्टिदोष' असं लिहिलं. रेघ आखूड होती, शेवटचं अक्षर बाहेर गेलं. चार महिने राहिले होते. निरोप समारंभ झाला नाही. निघताना त्यांनी डबा घेतला, छत्री घेतली आणि नेलपॉलिशची बाटली माझ्यासमोर ठेवली.

"संपत आलीय. बांगड्यांच्या दुकानात मिळंल. लाजायचं न्हाई."

मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी माझ्या कायम नेमणुकीचं पत्र आलं. वडिलांनी गडहिंग्लजला फोन केला. भिंतीकडे बघतच केला, पण केला.

शॉपमध्ये वर्षभर एक विनोद चालला. कोणाला काही सापडेना झालं की म्हणायचे, आप्पांना विचार, त्यांना दिसंल. फक्त इलाहीभाई हसत नसत.

८

दहा वर्षांनी मी रुकडीला, आप्पांच्या गावी गेले. का गेले ते सांगता येत नाही. टूल रूममध्ये माझ्या हाताखाली तेव्हा दोघं होते आणि त्यातल्या एकाला मी आदल्या दिवशी ठिपक्यावरून इतकं बोलले होते की तो जेवला नव्हता.

आप्पांचं घर स्टेशनच्या पलीकडे. ओसरीवर वाकळ पसरलेली, जुन्या लुगड्यांची. त्यांच्या पत्नी एका बाजूने टाके घालत होत्या. आप्पा दुसऱ्या बाजूला बसलेले, अडुसष्ट वर्षांचे, वाळलेले. त्यांच्या हातात सुई होती. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली आणि दोरा ओवला. एकाच खेपेला. सुई पत्नीकडे दिली, दुसरी घेतली.

मी उंबऱ्याशीच उभी होते.

"कुंदा न्हवं का?" ते म्हणाले. "ये की. लांबनं चालीवरनं ओळखलं तुला."

"आप्पा, डोळ्यांना आता बरं आहे?"

"त्यांच्या डोळ्यांना काय झालंय?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "दोन्हीचं मोतीबिंदू मिरजेला काढून आणलं की. एक दिवाळीत, एक मे महिन्यात. भिंगं बसवली. तुम्ही टूल रूमला आलात ना, त्याच्या आधी."

मी आप्पांकडे पाहिलं. ते वाकळीची घडी सारखी करत होते.

"तुम्ही डब्या मला वाचायला लावत होता."

"त्याशिवाय शिकली असतीस?"

"आणि टिपा? रोज एक उलटी असायची."

"लावायचो," ते म्हणाले. "मुद्दाम."

"मुद्दाम?"

"रोज एक. तू शोधतीस का बघाय. मग चहावरनं आलो की मी परत सगळा फिरवून बघायचो, तू बरोबर केलीस का. तसाच मशिनवर थोडाच सोडणार होतो?"

त्यांच्या पत्नीने दोरा दातांनी तोडला. "मला म्हणायचे, पोरगी एक पण सोडत न्हाई. रात्री जेवताना तुमचंच पुराण असायचं."

"मला सांगितलं का नाही, आप्पा?"

"सांगितलं असतं तर तू तेवढी एक शोधून गप्प बसली असतीस. सांगितलं न्हाई, म्हणून आठी आठ बघायला लागलीस." ते हसले. पुढचे दोन दात नव्हते. "खंडेनवमीला तू कुंकू लावलंस तेव्हाच ठरवलं, आता बास, आता मागनं बघायचं न्हाई. त्याच संध्याकाळी मालकांना सांगून आलो, मला मुदतवाढ नको. जागा त्या पोरीला द्या. मालक म्हणाले, मार्चपर्यंत विचार करा. मी म्हटलं, केलाय."

ओसरीसमोरून आगगाडी गेली. साताऱ्याची की मिरजेची, कळलं नाही. भांडी थरथरली. मी बसून घेतलं.

"मग राजीनाम्यात नजरेचं कशाला लिहिलंत?"

"मग काय लिहू? मुद्दाम लावली म्हणून लिहू? त्या दिवशी लावायलाच नको होती. दीड टनाचं काम, पुण्याचा माणूस. पण माझ्या मनात आलं, मोठ्या कामाच्या दिवशीच माणूस चुकतो, आज सापडली तर ही पक्की झाली. मस्ती माझी. इलाहीचा डोळा गेला असता." त्यांनी सुई वाकळीत खोचून ठेवली. "आणि तुझं नाव आलं असतं तर तुला काढलीच असती. पाच महिन्यांत एक सुटली. माणूस हाय. एखादा दिवस सुटतो."

त्यांच्या पत्नी चहा ठेवायला आत गेल्या. आप्पा पुढे सरकले. हलक्या आवाजात विचारलं, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये असं.

"खरं, एक इचारू? दहा वर्षं मनात हाय. सोपी लावली होती गं त्या दिवशी, सात नव्यांत एक जुनी. ठिपका ताजा, लालभडक. कशी काय सुटली?"

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. स्वच्छ होते. भिंगाची कड उन्हात चमकत होती.

"ट्यूबलाइट लुकलुकत होती, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. "व्हय, ती ट्यूब तसलीच होती," ते म्हणाले. "मी सांगायला पाहिजे होतं बदलायला."

चहा आला. मी दोन कप प्यायले.

६

टूल रूमची ट्यूब बुधवारी बदलली होती, आणि सहाव्या खाचेतला लाल ठिपका मी गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाहिला.